नखाची बुरशी आणि अडीच मिलीची बाटली

पावसाळा सरत आला की आमच्या दुकानाच्या काउंटरवर एक प्रकार हमखास घडतो. गिऱ्हाईक आधी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना हे बघतं, मग चपलेतून पाय काढून अंगठा पुढे करतं. "ताई, हे जरा बघता का?" नख पिवळट पडलेलं, टोकाला जाड, खाली पांढरट भुगा. चिपळुणात जून ते सप्टेंबर पायताण धड वाळत नाही. तिथे औषधाच्या दुकानात बसून अशी नखं नाही बघायची तर काय बघायचं!

गेल्या आठवड्यात आलेल्या काकांची तक्रार मात्र वेगळी होती. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांनी शर्टाच्या खिशातून लॅकरची, म्हणजे नेलपॉलिशसारखं नखावर लावायच्या औषधाची, रिकामी बाटली काढली, काउंटरवर उभी केली आणि म्हणाले, "चार महिने झाले. डॉक्टरांनी सांगितलं तसं आठवड्यातून दोनदा लावतो, बुधवारी आणि रविवारी. एक खाडा नाही. नख आहे तसंच. आता मला सांगा, औषध खोटं की डॉक्टर?"

दोन्ही खरे होते. नखाकडे बघायचं कुठे, एवढंच काकांना कोणी सांगितलं नव्हतं. वरून लावायची औषधं लोक अर्ध्यावर सोडतात ती बहुतेक वेळा याच कारणाने, म्हणून त्यांच्याशी झालेलं बोलणं इथे जरा सविस्तर लिहिते.

नख मागावरून उतरतं

आपल्याला दिसणारं नख मेलेलं असतं, म्हणूनच ते कापताना दुखत नाही. केराटिन नावाच्या टणक प्रथिनाचे थर एकमेकांवर घट्ट बसून ते बनतं. केस आणि गाईम्हशींची शिंगंही त्याच प्रथिनाची. जिवंत कारखाना असतो तो मुळाशी, कातडीखाली. अंगठ्याच्या नखावर पांढरा अर्धचंद्र दिसतो ना, तो त्या कारखान्याचा बाहेर डोकावणारा काठ.

इचलकरंजीला यंत्रमाग चालताना पाहिला असेल तर पुढचं समजायला सोपं जाईल. विणून झालेल्या कापडावर डाग पडला तर माग तो पुसून देत नाही. मागाला फक्त पुढचं कापड विणता येतं. स्वच्छ कापड येत राहिलं की डागाळलेला तुकडा पुढे पुढे सरकतो आणि शेवटी कापून टाकता येतो. नखाचंही असंच. पिवळं, भुसभुशीत झालेलं नख पुन्हा गुलाबी होत नाही. ते सरकत सरकत नेलकटरखाली जातं, मागून येणारं चांगलं निघतं, आणि मग आपण म्हणतो, नख बरं झालं.

हा माग फार सावकाश चालतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं दीड किंवा त्याहून कमी. हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं व्हायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं १२ ते १८. वय वाढलं की वेग आणखी उतरतो. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हे स्वतःच्याच नखावर मोजलं. डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी कानशीने खूण करायची, ती टोकाला पोचेपर्यंत दिवस मोजायचे, पोचली की नवी खूण. असं त्यांनी ३५ वर्षं केलं! वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७व्या वर्षी ०.०९५.

"म्हणजे व्याजदर उतरला म्हणायचा," काका म्हणाले. ते स्वतः अडुसष्टचे आहेत.

मग बाटलीतलं औषध करतं काय?

या आजाराला वैद्यकात ओनिकोमायकोसिस म्हणतात. चिठ्ठीवर हा शब्द दिसला तर दचकू नका. इथे तो पुन्हा येणार नाही. पायाच्या नखांत बहुतेक वेळा सापडते ती ट्रायकोफायटन नावाची बुरशी, म्हणजे गजकर्ण आणि चिखल्या करणाऱ्यांच्याच घराण्यातली. तिचं अन्न केराटिन. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, तिथून ती नखाच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि खालच्या बाजूने मुळाकडे सरकते. म्हणजे नख चाललंय पुढे आणि बुरशी चाललीय मागे, अशी ही ओढाताण असते.

बुरशीला मारायचं, ते नाही जमलं तर निदान तिची मुळाकडची वाट अडवायची, हे औषधाचं काम. लॅकरमध्ये असतं ते अॅमोरोल्फिन हे औषध बुरशीच्या पेशीचं आवरण नीट बनू देत नाही. सायक्लोपिरॉक्स हे दुसरं औषध तिला लागणारं लोह अडकवून ठेवतं. वाट अडली की वाढणारं नखच तिला बाहेर ढकलत नेतं. पण तिने आधी कुरतडलेलं नख तसंच विद्रूप राहतं. औषध मारून वाळवी मेली तरी पोखरलेली चौकट कधी भरून आलीय?

काकांना मी विचारलं, सुरुवातीचा फोटो आहे का. डॉक्टरांना दाखवायला नातीने जूनमध्ये काढलेला एक मोबाइलमध्ये होता. त्यात पिवळेपणा बरोबर नखाच्या मध्यापर्यंत आलेला. मग त्यांना चष्मा लावायला सांगितला आणि टोक सोडून मुळाकडे बघायला लावलं. पिवळ्या भागाची सीमा तीन-चार मिलिमीटर पुढे सरकली होती आणि मुळाकडची गुलाबी पट्टी तेवढी रुंदावली होती. चार महिने, महिन्याला एक मिलिमीटर. इतके दिवस ते बघत होते टोकाकडे, आणि टोक म्हणजे नखाचा सगळ्यात जुना भाग, वर्षभरापूर्वी मागावरून उतरलेला.

काही डॉक्टर चांगल्या आणि खराब नखाच्या सीमेवर ब्लेडने बारीक आडवी रेघ मारून देतात. रेघ पुढे गेली आणि पिवळेपणा तिच्या मागे आला नाही, तर औषध लागू पडतंय. पिवळेपणा रेघ ओलांडून मुळाकडे आला, तर चिठ्ठी बदलायची वेळ झाली. हा उद्योग घरी ब्लेड घेऊन करू नका, मधुमेह असेल तर मुळीच नको. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीशी, त्याच उजेडात फोटो काढला तरी भागतं.

गजकर्णाची ट्यूब का चालत नाही?

हा प्रश्न रोजचा. ट्यूब स्वस्त, घरात असतेच, बुरशीही त्याच घराण्यातली. मग तीच का नाही लावायची?

धुणंभांडी आटोपल्यावर नखं मऊ पडतात, दाबली तर वाकतात. आंघोळीनंतर ती कापायला सोपी जातात. पण डोक्याला तासभर तेल चोळून कोणाची नखं मऊ पडल्याचं ऐकलंय? नख पाणी पितं, तेल पीत नाही. कातडीचं उलट आहे. तिच्या वरच्या थरात स्निग्धांश असतो, म्हणून मलम तिथे मुरतं. मांडीवरच्या गजकर्णावर चालणारी क्रीम नखावर लोण्यासारखी नुसती बसून राहते आणि शेवटी मोज्याला पुसली जाते.

शिवाय जाडी. अंगावरच्या कातडीचा वरचा मेलेला थर असतो एक-दोन शतांश मिलिमीटरचा. पायाच्या अंगठ्याचं निरोगी नख साधारण एक मिलिमीटर, म्हणजे पन्नास ते शंभर पट जाड. बुरशीने फुगलेलं नख त्याहूनही जाड. आणि बुरशी बसलेली असते तळाशी, नखाच्या पोटाखाली.

लॅकर ही यावरची युक्ती. घडण नेलपॉलिशसारखीच: औषध, पापुद्रा धरणारं द्रव्य आणि उडून जाणारं अल्कोहोल. अल्कोहोल उडालं की नखावर पातळ पापुद्रा राहतो आणि त्यात औषध दाट होतं. सायक्लोपिरॉक्सच्या ८ टक्क्यांच्या लॅकरमध्ये वाळल्यावर औषधाचं प्रमाण चौपटीहून वर जातं. हा साठा नखाला चिकटून राहतो आणि दिवसेंदिवस आत झिरपतो. आपल्याकडे चिठ्ठीवर जास्त करून ५ टक्क्यांचं अॅमोरोल्फिन दिसतं, ते आठवड्यातून एकदा किंवा दोनदा लावायचं. सायक्लोपिरॉक्स रोज.

२०१४ साली अमेरिकेत दोन नव्या औषधांना मंजुरी मिळाली, एफिनाकोनाझोल आणि टॅव्हाबोरोल. ही पातळ थेंबांसारखी असतात, पापुद्रा धरत नाहीत. एफिनाकोनाझोलची खुबी अशी की ते केराटिनला फारसं चिकटत नाही. लग्नाच्या मांडवात शिरलेल्या दोन पाहुण्यांसारखं हे आहे. एक जण प्रत्येक मावशी-आत्यापाशी थांबून चौकशी करतो, तो पंगतीपर्यंत पोचतच नाही. दुसरा लांबूनच नमस्कार करत सरळ पंगतीला जाऊन बसतो. नखाच्या तळाशी असा दुसरा पाहुणा लवकर पोचतो.

शंभरातले किती बरे होतात?

हे आकडे ऐकून लोकांचा चेहरा उतरतो, तरी मी सांगते. एफिनाकोनाझोलच्या दोन मोठ्या चाचण्यांत ४८ आठवडे रोज औषध लावलं, मग आणखी चार आठवड्यांनी तपासलं. नख पूर्ण स्वच्छ आणि तपासणीत बुरशी नाही, असे निघाले एका चाचणीत १७.८ टक्के, दुसरीत १५.२ टक्के. औषध नसलेला नुसता द्रव लावणाऱ्यांत हेच प्रमाण ३.३ आणि ५.५ टक्के होतं. टॅव्हाबोरोलचे आकडे ६.५ आणि ९.१. सायक्लोपिरॉक्सही याच पट्ट्यात, ५.५ आणि ८.५.

म्हणजे औषधं कुचकामी? तसं नाही. नुसती बुरशी गेली का एवढंच बघितलं, तर एफिनाकोनाझोल लावणाऱ्यांत शंभरातल्या पन्नासहून अधिक जणांच्या नखात बुरशी सापडली नाही. पन्नास आणि सतरा यांतली तफावत कुठून आली, ते मागाच्या उदाहरणावरून कळेल. बुरशी गेली, पण जुनं कापड अजून कापून संपलेलं नाही. पायाच्या अंगठ्याला अठरा महिने लागू शकतात आणि चाचणी आटोपली वर्षभरात. चाचणीतली पूर्ण बरं होण्याची व्याख्याही कडक: खराब भाग शून्य टक्के. नखाचा नव्वद टक्के भाग सुधारलेला माणूस तिथे नापास धरला जातो, आणि खरं तर तो घरी खूश असतो.

तरीही नुसत्या बाटलीवर सगळ्यांचं काम होत नाही, हे खरंच आहे. कोणाचं होतं? खराब भाग निम्म्याहून कमी आहे, बुरशी मुळापर्यंत पोचलेली नाही, नख फार जाड नाही आणि एक-दोनच नखं बिघडलीत, अशांचं. बुरशी नखाच्या पाठीवरच पांढऱ्या पिठासारखी पसरली असेल तर वरचं औषध फार चांगलं लागू पडतं, कारण तिथे खोल शिरायची गरजच नसते. उलट नखात टोकापासून मुळाकडे जाणारा पिवळा, दाट पट्टा दिसत असेल, तर आत बुरशीचा गच्च गोळा आहे असं समजा. शेतात लव्हाळा उपटला तरी मातीत गाठी राहतात, तसा हा गोळा. तो कोरून काढल्याशिवाय लॅकरही हरतं आणि कित्येकदा पोटात घ्यायच्या औषधाच्या गोळ्याही.

पण ती बुरशीच आहे, हे कशावरून?

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता, पण दुकानात तो कोणी विचारतच नाही, म्हणून इथेही उशिरा आला. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात. बाकीची सोरायसिसची, घट्ट बुटांनी ठेचलेली, जुन्या इजेची, नाहीतर आणखी कसल्या त्वचारोगाची. सोरायसिसच्या नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात; त्यावर वर्षभर बुरशीचं औषध लावलं तर फक्त पैसे जातात. नखात काळी उभी रेघ उमटली आणि ती रुंदावत चालली असेल तर आमच्या दुकानात येऊच नका, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. क्वचित तो नखाखालचा कर्करोग असतो.

तपासणी सोपी आहे. नखाखालचा भुगा खरवडून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. केराटिन विरघळतं, बुरशीचे धागे तसेच उरतात आणि सूक्ष्मदर्शकात सुतासारखे दिसतात. निकाल त्याच दिवशी मिळतो. कधी कधी बुरशी असूनही या तपासणीत निसटते. मग कल्चर, म्हणजे भुगा लावून बुरशी वाढवून बघणं. तिला तीन-चार आठवडे लागतात, पण कोणत्या जातीची बुरशी आहे ते कळतं. नखाचा तुकडा रंगवूनही तपासतात. एक अडचण: आधीच औषध लावून गेलात तर निकाल फसवा येऊ शकतो. म्हणून क्रम असा, आधी भुगा, मग बाटली.

हाताच्या नखांची गोष्ट थोडी वेगळी. दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या बायकांच्या नखाची कड सुजते, लाल होते, दाबली तर दुखते. आपण त्याला नखुरडं म्हणतो. असं वारंवार होऊन नख बिघडलं, तर तिथे बरेचदा कँडिडा नावाची दुसरी बुरशी सापडते. पायाच्या नखावर उत्तम चालणारी गोळी तिच्यावर कमी पडते, आणि हात कोरडे राहिले नाहीत तर काहीच चालत नाही. मासे साफ करणाऱ्या एका मावशींना मी रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालायला सांगितलं होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मोजे घालून कोलंबी सोलायची म्हणजे तूच ये." बरोबरच आहे त्यांचं.

लावायचं कसं

बाटलीच्या खोक्यातला कागद कोणी वाचत नाही. अक्षरंही अशी की तरुण डोळ्यांनाही भिंग लागावं. अॅमोरोल्फिनपुरतं सांगते.

आधी नख जमेल तेवढं कापायचं. मग खोक्यातल्या कानशीने खराब भागाची पाठ घासायची, चकाकी जाऊन ती खरखरीत होईपर्यंत. हे घासणं म्हणजे निम्मा उपचार, कारण जितकं नख कमी तितकी औषधाची वाट कमी. लोक नेमका हाच भाग गाळतात. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून आधीचा पापुद्रा काढायचा, लॅकर लावायचं, तीन ते पाच मिनिटं वाळू द्यायचं. लगेच मोजा घातला तर औषध मोज्याला लागतं. खराब नखावर वापरलेली कानस चांगल्या नखावर फिरवायची नाही, नाहीतर बुरशी आपल्याच हाताने शेजारच्या बोटावर पेरली जाते. वर नेलपॉलिश लावायचा मोह लग्नसराईत होतो. तो डॉक्टरांना विचारूनच. सायक्लोपिरॉक्स असेल तर ते रोज नखावर आणि कडेच्या पाच मिलिमीटर कातडीवरही लावतात, पुढचे आठ तास ते धुतलं जाऊ नये म्हणून रात्री लावलेलं बरं, आणि आठवड्यातून एकदा सगळे थर स्पिरिटने पुसून काढतात.

आणि हो, लॅकर आणि स्पिरिट दोन्ही पेट घेतात. काकांनी सांगितलं, ते संध्याकाळी देवासमोर दिवा लावल्यावर तिथेच पाटावर बसून हे सगळं करतात. मी त्यांना पाट हलवायला लावला.

हाताच्या नखांना सहा महिने, पायाच्या नखांना नऊ ते बारा महिने, हा अॅमोरोल्फिनचा साधारण कालावधी. जाड झालेल्या नखाला डॉक्टर कधी ४० टक्क्यांचं युरियाचं मलम लावून वर पट्टी बांधायला सांगतात. त्याने खराब भाग मऊ होऊन न दुखता खरवडून निघतो. चिमट्याने अख्खं नख उपटण्याची पद्धत आता मागे पडलीय. ती वेदनादायक आहेच, शिवाय मुळात बुरशी राहिली असेल तर नवं नखही तसंच येतं.

"गोळीच द्या ना, लवकर होईल"

गोळी जास्त परिणामकारक आहे हे खरं. ती रक्तातून मुळाशी आणि नखाखालच्या मांसाशी पोचते, म्हणजे बुरशीकडे खालून जाते. टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी पायाच्या नखांसाठी रोज एक अशी १२ आठवडे देतात, हाताच्या नखांसाठी ६ आठवडे. चाचण्यांत पायाची नखं पूर्ण बरी झालेले ३८ टक्के आणि बुरशीमुक्त झालेले ७० टक्के. वरून लावायच्या औषधांच्या चाचण्यांतले रुग्ण वेगळे होते, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून नेमका गुणाकार करू नये, पण गोळी पुढे आहे यात शंका नाही.

गोळी संपली तरी नख लगेच चांगलं दिसत नाही, हेही लक्षात घ्या. माग त्याच वेगाने चालतो. औषध नखात महिनोन्‌महिने टिकतं आणि काम करत राहतं, एवढंच.

मग मी चिठ्ठीशिवाय गोळी का देत नाही? टर्बिनाफिन क्वचित यकृताला त्रास देतं, म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात. काहींच्या तोंडाची चवही काही काळ जाते. इट्राकोनाझोल ही बुरशीवरची दुसरी गोळी हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं वाकडं आहे. कीटोकोनाझोलच्या गोळ्यांबद्दल यकृताच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१३ साली अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या औषध नियामकांनी कडक पावलं उचलली. नखासाठी ती घ्यायचीच नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गजकर्ण हटेनासं झालंय. २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालेली बुरशीची जात त्यामागे मोठ्या प्रमाणावर आहे आणि तिच्यातल्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. ती जास्त करून कातडीवर सापडते, पण अर्धवट गोळ्या खाऊन सोडून देण्याची सवय आपल्याला परवडणारी नाही हे तिने दाखवलंय. स्टेरॉइड मिसळलेल्या 'सगळं एकात' ट्यूबनेही असंच नुकसान केलंय. खाज दोन दिवसांत जाते, बुरशी मजेत पसरते.

गरोदरपण, यकृताचा आजार, आधीच सहा-सात गोळ्या चालू असलेलं वय, अशा वेळी बाटलीच बरी. आजार जास्त असेल तर डॉक्टर दोन्ही एकत्र देतात: गोळी खालून, लॅकर वरून.

व्हिक्स, व्हिनेगर, लसूण

व्हिक्सबद्दल विचारलं की लोकांना वाटतं मी हसेन. पण त्यावर अमेरिकेत एक छोटा अभ्यास झालाय, २०११ साली छापून आलेला. १८ जणांनी ४८ आठवडे रोज लावलं. पाच जण पूर्ण बरे झाले, दहा जणांना थोडा फरक पडला, तिघांना काहीच नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता आणि अठरा माणसं म्हणजे फारच कमी, त्यामुळे त्यावर इमारत उभी करता येत नाही. पण लावल्याने कोणाचं नुकसानही होत नाही. व्हिनेगरचं मात्र जपून. आमच्या ओळखीच्या एकाने लवकर गुण यावा म्हणून बोट तासन्‌तास त्यात बुडवून ठेवलं आणि कडेची कातडी सोलून घेतली. लसूण ठेचून बांधला तर कातडी भाजल्यासारखी होते. हळदीचं विचाराल तर नख आणखी पिवळं होतं. मग बुरशी कोणती आणि हळद कोणती हे डॉक्टरांनाही कळत नाही.

दुखत नाही, मग कशाला एवढा खटाटोप?

तिशीतल्या निरोगी माणसाला मी म्हणेन, तुमची मर्जी. नुसतं दिसायला वाईट आहे आणि तुम्हाला चालतंय, तर सोडून द्यायलाही हरकत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा: नख आपोआप बरं होत नाही, आणि घरात ती बुरशी तुमच्या पायाने फिरते.

मधुमेह असलेल्यांना मात्र ही मुभा नाही. पायाची जाणीव कमी झालेली असते; जाड नख शेजारच्या बोटाला टोचतं, जखम होते, कळत नाही, आणि त्या फटीतून जंतू शिरून पाय सुजतो. ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी आहे किंवा ज्यांना पायाची लाल सूज पुन्हा पुन्हा येते, त्यांचंही तसंच. या लोकांनी कानसही स्वतः चालवू नये.

पुन्हा का उगवते?

बरी झालेली नखं पुन्हा बिघडण्याचं प्रमाण मोठं आहे. चार-पाचांतल्या एकाला तरी ती परत येते. मुख्य कारण बेचक्यातल्या चिखल्या. नखावर औषध लावायचं आणि शेजारच्या चिखल्या तशाच ठेवायच्या, म्हणजे छत गळतंय तोवर फरशी पुसत बसायचं. कातडीवरच्या चिखल्यांना ती स्वस्त ट्यूब अगदी पुरते; फक्त गुण आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायची. बुटांचे दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो. मोजे गरम पाण्यात धुवावेत. लावणीच्या दिवसांत चिखलातून पाय काढल्यावर बेचकं पुसून कोरडं करावं, नुसता पाय झटकून भागत नाही.

काकांना मी शेवटी विचारलं, घरी नेलकटर किती?

एकच. आरशाच्या खिळ्याला टांगलेला. काकू, मुलगा, सून, नात, सगळे तोच वापरतात.

त्यांनी नव्या बाटलीबरोबर दोन नेलकटर घेतले. एकाला आमच्याकडचं लाल रबर गुंडाळून मागितलं, तो त्यांचा. मग खिशातलं पेन काढून बाटलीच्या खोक्यावर तारीख घातली आणि तिच्यापुढे लिहिलं: ४ मिमी.